फुटबॉलचं तिकीट आणि कोकणातला प्रेक्षक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला, रत्नागिरीकडून मडगावच्या फातोर्डा मैदानावर सामने बघायला जाणाऱ्यांसाठी आणि अलिबाग-पनवेलकडून नेरूळ-अंधेरीची मैदानं गाठणाऱ्यांसाठी हे पान आहे. दर सामन्याआधी व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. त्यांत माझी मतंही आहेत. पटली नाहीत तर जरूर भांडा, फक्त आधी पूर्ण वाचा.

एका वाक्यात सांगा, तिकिटं महाग आहेत की नाहीत?

एका वाक्यात जमणार नाही, दोन घ्या. आपल्याकडच्या इंडियन सुपर लीगचं (आयएसएल) स्वस्त स्टँडचं तिकीट काहीशे रुपयांत मिळतं आणि ते बहुतेकांना झेपतं. इंग्लंडातल्या मोठ्या क्लबांची आणि विश्वचषकाची तिकिटं मात्र तिथल्याच साध्या माणसाच्या हाताबाहेर गेली आहेत, आणि आपल्याकडे एखादं मोठं नाव येणार म्हटलं की तोच वारा इथेही लागतो.

तिकीट स्वस्त, मग फातोर्ड्याची एक फेरी खिसा का रिकामा करते?

कारण तिकीट हा त्या फेरीतला सगळ्यात लहान खर्च आहे. सावंतवाडीहून मडगाव शंभर किलोमीटरच्या आत. जातानाची काळजी नाही: जनशताब्दी दुपारी मडगावला सोडते, स्टेशनापासून मैदान दोन-तीन किलोमीटर. घोळ परतीचा आहे. सामना साडेसातला सुरू झाला की सुटायला साडेनऊ होतात. कोकणकन्या तर पहिली किक बसण्याआधीच मडगाव सोडून मुंबईच्या वाटेला लागलेली असते. त्या वेळेला कदंबा (गोव्याची सरकारी बस) मिळेल, एसटी मिळेल, अशा भरवशावर कोणी जाऊ नये.

म्हणजे उरली स्वतःची किंवा भाड्याची गाडी. चौघं जमली तर पेट्रोल वाटून घ्यायचं, वाटेत म्हापशाला काहीतरी पोटात टाकायचं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला बांद्यात शिरायचं. चौघांतले दोघे आयत्या वेळी गळाले (एक तरी गळतोच) की तोच खर्च दोघांच्या डोक्यावर. मोटरसायकलवर जाणारी पोरंही आहेत. रात्री पत्रादेवीच्या आसपास गुरं रस्त्यातच बसलेली असतात, त्यामुळे तो सल्ला माझ्याकडून मिळणार नाही. रत्नागिरी-चिपळूणकरांना मुक्काम चुकत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत गोव्यातल्या खोलीचं भाडं विचारलंत की तिकीट फुकट वाटायला लागतं.

अशा माणसाला तिकीट शंभर रुपयांनी उतरवून काय मिळणार? सामना रविवारी संध्याकाळी पाचला ठेवला तर मात्र त्याचे हजार वाचतात. पण वेळ ठरते टीव्हीच्या सोयीने, आणि वेळापत्रक करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कुडाळचा माणूस कधीच नसतो.

क्लब म्हणतात, खेळाडूंचे पगार कुठून देणार? तिकिटांतूनच ना?

ऐकायला पटतं. हिशेब मात्र वेगळं सांगतो. डेलॉइट ही संस्था दरवर्षी युरोपातल्या सर्वाधिक उत्पन्नाच्या वीस क्लबांची यादी काढते. २०२३-२४ च्या हंगामात ह्या वीस क्लबांचं मिळून उत्पन्न ११ अब्ज युरोंच्या वर होतं. त्यात सामन्याच्या दिवसाची कमाई, म्हणजे तिकिटं, श्रीमंतांचे बॉक्स, खाणंपिणं सगळं धरून, पाचव्या हिश्श्याहूनही थोडी कमीच. बाकीचा पैसा टीव्हीचे हक्क, जाहिराती आणि जर्सी यांचा. प्रीमियर लीगने २०१६ ते २०१९ या तीन हंगामांचे नुसते ब्रिटनमधले हक्क ५.१ अब्ज पौंडांना विकले होते. एवढा पैसा आल्यावर स्वस्त स्टँडमधल्या माणसाकडून आणखी दहा पौंड घेतले नाहीत म्हणून कोणाचा पगार अडत नाही.

पण माझा खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. टीव्हीला हे लोक विकतात तरी काय? नुसता खेळ? कोविडमध्ये २०२०-२१ चा आयएसएलचा अख्खा हंगाम गोव्यात बंद दाराआड झाला. मार्च २०२१ मध्ये मुंबई सिटीने मोहन बागानला २-१ हरवून चषक उचलला तो फातोर्ड्याच्याच मैदानावर, आणि आम्ही इथे दीड-दोन तासांवर टीव्हीसमोर बसलेलो. शेवटच्या मिनिटाला विजयाचा गोल झाला आणि स्टँडमधून आवाजच आला नाही. सराव सामना वाटावा असा अंतिम सामना. ढोल, गाणी, शिव्या, उसासे हे सगळं त्या विकल्या जाणाऱ्या गोष्टीचा भाग आहे. स्टँडमध्ये बसलेला माणूस नुसता गिऱ्हाईक नाही, तो मालाचा एक भाग बनवतो, आणि तेही स्वतःच्या खिशातून पैसे घालून. त्याच्याच आवाजावर हक्कांचा भाव चढवायचा आणि चढलेल्या भावाचा दाखला देऊन त्याचंच तिकीट वाढवायचं, ह्याला मी न्याय म्हणत नाही.

मागणी वाढली की भाव वाढणार. हापूसचा नाही का वाढत?

हा प्रश्न दर वेळी एक तरी बागायतदार विचारतो, आणि त्याचं बरोबरच आहे, आंब्यापुरतं. हंगामातल्या पहिल्या पेटीचा भाव ऐकून आपण डोळे मोठे करतो आणि मे महिन्याची वाट बघतो. तेव्हाही नाही परवडला तर पायरी घेतो, तोही नाही तर रायवळ चोखतो. गिऱ्हाइकाला पळवाट असते. एफसी गोव्याचं तिकीट महागलं म्हणून पेडण्याचा माणूस उद्यापासून केरला ब्लास्टर्सचा झेंडा घेणार आहे का? त्याला दुसरी पेटीच नाही. बाजाराचा नियम चालतो तो निवड असते तिथे. समर्थकाने निवड एकदाच केलेली असते, बहुधा दहाव्या वर्षी, बापाच्या खांद्यावर बसून. त्या निष्ठेचा भाव लावणं सोपं आहे, म्हणूनच तिला मर्यादा हवी.

इंग्लंडमध्ये तिकिटं पहिल्यापासून महाग होती का?

नाही. १९८९ साली शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली. त्यात लिव्हरपूलचे ९७ समर्थक गेले. शेवटचा मृत्यू कित्येक वर्षांनी, त्याच दुखापतींमुळे. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने वरच्या श्रेणीतल्या मैदानांवर उभं राहून बघण्याच्या जागा काढून सगळीकडे खुर्च्या बसवायला सांगितलं. १९९२ ला प्रीमियर लीग सुरू झाली, टीव्हीचा पैसा आला, खुर्च्या आल्या आणि दर चढत गेले.

क्लबवाले पुढे कित्येक वर्षं खुर्च्यांच्या खर्चाकडे बोट दाखवत राहिले. पण त्याच अहवालात टेलर यांनी लिहून ठेवलं होतं की उभं राहणाऱ्यांच्या खिशाला झेपेल अशा दरात खुर्ची देता आली पाहिजे, आणि उदाहरण ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचं दिलं होतं: उभं राहायला ४ पौंड, खुर्चीला ६. अहवालातल्या खुर्च्या सगळ्यांनी घेतल्या, सहा पौंड मात्र कोणाला आठवले नाहीत.

ओरडून कधी काही मिळालंय का? की नुसती बोंबाबोंब?

मिळालंय, आणि चांगलंच मिळालंय.

लिव्हरपूलने २०१६ साली नव्या स्टँडमधलं सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं जाहीर केलं. ६ फेब्रुवारीला संडरलँडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. लिव्हरपूल तेव्हा २-० पुढे होतं. सामना संपला २-२. त्या दोन गोलांचं श्रेय रिकाम्या खुर्च्यांना द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण काही दिवसांतच मालकांनी माफी मागितली, ७७ पौंडांचं तिकीट मागे घेतलं आणि दर गोठवले.

त्याच वर्षी प्रीमियर लीगने बाहेरगावहून येणाऱ्या समर्थकांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. आजच्या भावाने साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. वीस पौंड पुरेत, अशी मागणी तिथल्या समर्थक संघटनेने २०१३ पासून लावून धरली होती. वीस नाही मिळाले, तीस मिळाले. सगळ्या क्लबांचे समर्थक, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, ह्या एका मागणीसाठी एकत्र उभे राहिले, म्हणून मिळाले. आणि बघा, ही सवलत आहे कोणाला? प्रवास करून येणाऱ्याला. आपल्यासारख्याला. फातोर्डा आणि अंधेरीतही लांबून येणाऱ्यासाठी असं काही असावं, ही मागणी करायला मला तरी संकोच वाटत नाही.

जर्मनीतही तेच. २०१६ च्या फेब्रुवारीतच बोरुसिया डॉर्टमुंडचे समर्थक स्टुटगार्टला चषकाच्या सामन्यासाठी गेले होते. तिकिटांच्या दराचा राग म्हणून त्यांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकले आणि खेळ थांबवला. (हे वाचून फातोर्ड्याला चेंडू घेऊन जाऊ नका. गेटवरच काढून घेतील.)

जर्मनीत स्वस्त आणि इंग्लंडात महाग, असं का?

मालकी कोणाची, ह्यावर बरंच अवलंबून आहे. जर्मनीत साधारण नियम असा की क्लबच्या कंपनीतली मतांची बहुसंख्या सदस्यांच्या संस्थेकडेच राहिली पाहिजे. पन्नास टक्के आणि वर एक मत. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबुर्गसारखे अपवाद आहेत. तिकिटाचा दर ठरवणाऱ्यांना सदस्यांच्या सभेत तोंड दाखवायचं असतं, त्यामुळे हात आखडता राहतो. शिवाय तिथे उभं राहून बघायचे स्टँड टिकले. डॉर्टमुंडच्या एका बाजूच्या स्टँडमध्ये जवळपास पंचवीस हजार माणसं उभी असतात. बायर्न म्युनिकसारख्या बलाढ्य क्लबचं उभ्याचं हंगामी तिकीट गेल्या काही वर्षांत दोनशे युरोंच्या आतच राहिलं आहे, आणि त्यात लीगचे घरचे सतरा सामने येतात. भागाकार करा.

आपल्याकडे? आयएसएलचे क्लब कंपन्यांचे आणि गुंतवणूकदारांचे. सभेत उभं राहून विचारायला सभाच नाही.

विश्वचषकाच्या तिकिटांवरून एवढा गदारोळ कशामुळे झाला?

देशांच्या विश्वचषकात मागणीप्रमाणे बदलणारे दर फिफाने पहिल्यांदाच आणले ते २०२६ च्या स्पर्धेसाठी. सुरुवातीला जाहीर झालेली दरश्रेणी होती ६० डॉलरपासून ६,७३० डॉलरपर्यंत. यजमानपद मागताना जो प्रस्ताव दिला होता त्यात सर्वांत स्वस्त तिकीट २१ डॉलरचं असेल असं म्हटलं होतं, त्यामुळे लोकांचं डोकं फिरणं साहजिक होतं. युरोपातल्या समर्थकांच्या संघटनेने याला सरळ विश्वासघात म्हटलं. डिसेंबर २०२५ मध्ये फिफाने प्रत्येक संघाच्या निष्ठावंत समर्थकांसाठी ६० डॉलरची थोडी तिकिटं वेगळी काढली. फार थोडी. वर फिफाच्याच संकेतस्थळावर तिकीट पुन्हा विकायचं तर विकणाऱ्याकडून १५ टक्के आणि घेणाऱ्याकडूनही १५ टक्के. काळाबाजारवाल्यांनाही इतकं सुचलं नसतं.

बदलणारा दर खाली येऊ शकतो हे मात्र खरं. २०२५ च्या क्लब विश्वचषकात चेल्सी आणि फ्लुमिनेन्सेच्या उपांत्य सामन्याचं तिकीट ४७३ डॉलरवरून १३ डॉलरवर घसरलं. ज्याने आधी, निष्ठेने, घाईने घेतलं तोच फसला.

कतारमध्ये २०२२ ला निदान तिथल्या रहिवाशांसाठी ४० रियालचं तिकीट होतं. गवंडीकाम करायला गेलेली आपल्याकडची माणसंही त्या पैशात आत जाऊ शकत होती.

ह्यां सगळां ठीक आसा, पण रोनाल्डो इलोच नाय. पैसे परत गावतले काय?

नाय.

२२ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्यावर एफसी गोवा आणि रोनाल्डोचा सौदी क्लब अल नस्र असा आशियाई स्पर्धेचा सामना झाला. रोनाल्डो भारतात आला नाही. अल नस्रने २-१ जिंकलं, गोव्याचा गोल ब्रायसन फर्नांडिसचा. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर मुंबई सिटी आणि सौदीचाच अल हिलाल खेळले तेव्हा त्यांचा नेमार गुडघ्याच्या दुखापतीने घरी होता. तिकीट सामन्याचं असतं, खेळाडूचं नसतं. त्यामुळे परताव्याचा हक्क उभा राहत नाही. न्याय्य आहे का, हा वेगळा प्रश्न. ज्याच्या नावावर हवा तापते तो येणार नाही असं कळल्यावर तिकीट परत करायची एक खिडकी उघडी ठेवायला आयोजकांना कोणी अडवलेलं नाही.

माझ्यापुरता मी नियम केलाय: जो अकरा नावांच्या यादीत दिसेपर्यंत नक्की नाही, त्याच्यासाठी जास्तीचा रुपया मोजायचा नाही. आणि ब्रायसनचा गोल बघायला मिळाला तर तो काय कमी आहे?

जिथे सामनाच नाही, नुसतं दर्शन आहे, तिथे तर विचारूच नका. डिसेंबर २०२५ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मेस्सी थोडा वेळ थांबून गेला, तोही पुढाऱ्यांच्या आणि पाहुण्यांच्या गराड्यात. हजारो रुपये मोजलेल्या लोकांना तो धड दिसलाही नाही. पुढे खुर्च्या उडाल्या.

मग सगळं फुकटच करून टाकलं तर?

तरी मैदान भरेलच असं नाही. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारत विरुद्ध चायनीज तैपेई (म्हणजे तैवान) सामना झाला. भारताने ५-० जिंकला, सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली, आणि बघायला माणसं २,५६९. मुंबईत! तिकिटं महाग होती म्हणून नव्हे. लोकांना यावंसंच वाटलं नव्हतं. मग छेत्रीने हात जोडून व्हिडिओ केला, या, शिव्या द्यायला तरी या, असं सांगितलं, आणि केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. दर तेच, मैदान तेच, पाऊसही मुंबईचाच.

म्हणून मी फुकटच्या बाजूचा नाही. फुकट पास ओळखीपाळखीत फिरतात, निम्मे लोक उगवत नाहीत आणि बाहेर खराखुरा पोरगा उभा राहतो. थोडे पैसे घ्या, पण दर आठवड्याला येणाऱ्याला झेपतील एवढेच.

बायका, मुलं, म्हाताऱ्यांसाठी सवलत असायला हवी का?

हवी. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि गाड्या कशा भरल्या ते आपण बघतोय. मात्र मैदानात बाई येईल की नाही हे दरापेक्षा स्वच्छतागृहावर आणि परतीच्या गाडीवर जास्त ठरतं. उलट्या दिशेचंही उदाहरण आहे: मँचेस्टर युनायटेडने २०२४-२५ च्या हंगामाच्या मध्यात सदस्यांसाठीच्या उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला आणि मुलांची, पेन्शनरांची सवलत काढून टाकली. नातवाला घेऊन जाणाऱ्या आजोबांना एका दिवसाचे १३२ पौंड.

ऑनलाइन घेताना शेवटी आकडा वाढतो तो कशाने?

सुविधा शुल्क आणि त्यावरचा जीएसटी. खुद्द तिकिटाचं म्हणाल तर मान्यताप्राप्त क्रीडासामन्याच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यापुढे १८ टक्के. आयपीएलसारख्या स्पर्धांना सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. चार तिकिटं घ्यायची तर एकाच व्यवहारात घ्या. शुल्क तिकिटागणिक लागतंय की व्यवहारागणिक, ते पैसे भरण्याआधी वाचा.

हंगामी तिकीट घ्यावं का?

मडगावात खोली असेल तर घ्या. आपल्यासारख्यांना ते पुरतं वसूल होत नाही. त्यात हंगामाचाच भरवसा राहिलेला नाही: २०२५-२६ चा आयएसएल रखडत रखडत १४ फेब्रुवारी २०२६ ला सुरू झाला, तोही चौदा संघांची एकच फेरी. म्हणजे प्रत्येकाचे तेरा सामने, त्यातले घरचे साधारण निम्मे. चार-पाच सामने निवडून जा. किंवा म्हापशाच्या धुळेर मैदानावर गोव्याच्या स्थानिक लीगचे सामने बघा. ते आपल्याला फातोर्ड्यापेक्षा जवळ पडतं, आणि धेंपो, साळगावकर ह्या गोव्यातल्या जुन्या क्लबांची नावं ज्यांच्या लहानपणी रेडिओवर होती त्यांना वेगळं काही सांगायला नको.

गेटबाहेर कोणी तिकीट देत असेल तर?

घेऊ नका. एकाच क्यूआर कोडचा फोटो पाच जणांना विकलेला असतो, आत पहिला जातो.

घाटावर कोल्हापुरात एवढी गर्दी कशी जमते?

तालमी. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा पेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात आणि प्रेक्षक आपल्या गल्लीसाठी येतो. दर कमी, मैदान चालत जाण्याच्या अंतरावर, संघ स्वतःचा. ज्याला साध्या प्रेक्षकाला परवडणारं फुटबॉल बघायचंय त्याने म्युनिकला जायची गरज नाही, आंबोली चढली तरी पुरे. तिथली भांडणंही आयात करू नका एवढंच.

आमच्या गावातल्या स्पर्धेला तिकीट लावावं का? मंडळात दोन तट पडलेत.

गेटवर लावू नका. बक्षिसाची रक्कम, पंचांचं मानधन, मैदानाची आखणी आणि रात्रीचे सामने असतील तर दिव्यांचं डिझेल, एवढा खर्च वर्गणी आणि मुंबईकर चाकरमान्यांच्या देणगीतून निघतो. एरवी अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धा आपण अशाच काढतो. अगदीच अडलं तर मंडपातल्या खुर्च्यांना पैसे लावा आणि बांधावर, कठड्यावर बसणाऱ्यांना मोकळं सोडा. आवाज त्यांचाच असतो. शाळेतल्या पोरांकडून काही घेऊ नका, उलट चेंडू आणायच्या कामाला लावा. आणि देणगीदारांची यादी लाउडस्पीकरवर मध्यंतरात वाचा, पेनल्टी चालू असताना नको.